पोरीचा खेळ बघायला आलेली माणसं

माजी नात फुटबॉल खेळती. ती रांगत व्हती तवाच तिची आई गेली. बाप लांब कर्नाटकात ट्रॅक्टरवर हाय, सणाला आला तर येतो. मीच वाढवली तिला. दिवसभर दुसऱ्याच्या केळीत राबायचं आन सांजच्याला तिला हाका मारत धरणाकडं जायचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळाची सपाट जमीन उघडी पडती. तितंच पोरांच्या मागं पळून पळून शिकली ती. पोरांना घावायची न्हाय.

साळंतल्या खेळाच्या सरांनी तिचा खेळ मोबाईलात धरला आन पुण्याला एका क्लबाला धाडला. ते लोक पोरी निवडून नेत्यात, ठिवून घेत्यात, शिकवत्यात, फुडं पगारावर बी खेळवत्यात. त्यांनी कळवलं, आमची दोन माणसं सोलापूरला निघाल्यात, वाटंत थांबून एक मॅच बघतील. सर मला म्हणले, "आज्जी, औंदाच तिचं वय बसतंय. फुडल्या साली घेत न्हाईत."

म्हंजी काम एवढंच व्हतं. त्या दोगांनी पोरगीला खेळताना बघायचं. बाकी काय बी नको व्हतं.

पर ही गोष्ट सरपंचाच्या कानावर गेली. मॅचच्या दिवशी बघते तर मैदानाच्या कडंला मांडव, हलगी, सरपंचाचा ह्यो मोठा फलक, त्याच्या कोपऱ्यात पोरगीचं बारकं तोंड. पुण्याची माणसं गाडीतनं उतरली तशी हलगी सुरू झाली. नारळ झालं, शाली झाल्या, फेटं झालं. तालुक्याचं कोण पाव्हणं यायचं व्हतं, त्यांची वाट बघितली. ते आलं, मग त्यांचं भाषण. पोरी उनात रांगेनं हुब्या. पुण्याचा एक सायेब सारका घड्याळ बघत व्हता. फेटा डोळ्यावर यायचा, तो वर सारायचा.

शेवटाला मॅच सुरू व्हायची शिट्टी वाजली. मला वाटलं, सुटलो. तवर सरपंच त्यांच्यापाशी जाऊन म्हणतोय, "चला सायेब, जेवून घिऊ. धरणाचं ताजं मासं हायती."

सायेब म्हणला, "आधी मॅच बघू द्या. त्यासाठीच आलोय आम्ही."

"मॅच कुटं पळून जातीया व्हय? मासं गार व्हत्यात की."

मी उठून गेले. म्हणलं, "बाबा, बसू दे त्यास्नी. पोरगीचं समदं ह्याच्यावर हाय."

"काकू, तुमी गप बसा. पाव्हणं उपाशी गेलं तर गावाचं नाव जाईल का न्हाय? आन पोरगीचंच काम करतोय की. पोटात मासं गेल्यावर न्हाय म्हणतील व्हय?"

हाताला धरून आपल्या वस्तीवर नेलं दोगांस्नी. त्यास्नी बी मन मोडता आलं न्हाय.

आन हिकडं पोरगी खेळली. मधनं बॉल काढला, तीन पोरी मागं टाकल्या आन जाळ्यात मारला. थोड्या येळानं आणिक एक, डाव्या पायानं. दर बारीला मांडवाकडं बघायची. खुर्च्यांवर नुसत्या शाली आन नारळ.

मी सरांना म्हणलं, "मोबाईलात तरी धरा."

सर म्हणले, "मोबाईल सरपंचांच्या माणसानं नेलाय. पाव्हण्यांचं फोटो काढायला."

माणसं परत आली तवा मॅच संपत आली व्हती. आता बघत्यात म्हणल्यावर पोरगीला काय झालं काय म्हाईत. बॉल कुणाला देईना. एकटीच घुसाय लागली. दोनदा पडली, मग बॉल घालवला आन गुडघ्यावर हात ठिवून वाकून हुबी ऱ्हायली.

सायेब सरांना म्हणला, "हिचा दम कमी पडतोय."

"साहेब, हिनं आत्ताच दोन गोल केले."

"असतील. पण मला दिसलं तेच मी सांगणार ना? व्हिडिओ असला तर पाठवा."

माणूस वाईट नव्हता. खरं तेच बोलला. त्याचाच मला जास्ती राग आला, आन तो काढायचा कुणावर ते कळंना.

सरांनी गावातलं समदं मोबाईल धुंडाळलं. समद्यात फेटं, शाली, मासं. एकात सरपंचाच्या खांद्यामागं पोरी पळताना दिसत्यात, पर त्यातली आपली कुटली ते मला बी वळखू येत न्हाय.

आता सर म्हणत्यात, पुण्यात त्या क्लबाच्या मैदानावरच पोरी बघणार हायती, कुणी बी यावं. सरपंचानं निरोप धाडला, तारीख सांगा, दोन गाड्या काढतो. मी म्हणलं, अजून ठरलं न्हाय. त्याला न सांगता आमी दोगीच यष्टीनं जाणार.

काल भाकरी थापताना पोरगी मागं यिऊन बसली.

"आज्जे, तितं तीच माणसं असली तर?"

"असू दे की."

"मला वळखलं तर? म्हणतील, ही ती दमणारी."

त्या माणसांनी आपल्याकडं बघावं म्हणून ही पोरगी किती दिस झोपली नव्हती. मी ताटात भाकरी घातली, खा म्हणलं. तिनं अर्धी खाल्ली, बूट घातलं आन अंधार पडायच्या आत पळाय गेली.