दुपारी निजणारी पेटी

"तुझी पेटी दुपारची निजता काय रे? उठून बघतंय तर रोपांनी माना टाकल्यानी!"

धारगळहून शालिनीवयनींचा फोन. मी डिचोलीत एका दुकानाच्या मेन बोर्डात डोकं घालून उभा होतो. पक्कड तिथेच टाकली आणि स्कूटर काढली.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. प्रोग्रॅमिंग घरीच, हौसेने शिकलो, आणि त्यातून एक खूळ डोक्यात बसलं: ऑटोनॉमस एआय. म्हणजे कोणी न सांगता स्वतःचं स्वतः ठरवणारं यंत्र. बोलणारी यंत्रं ढिगाने आहेत, मला गप्प राहून निर्णय घेणारं हवं होतं. शालिनीवयनी माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या नर्सरीत पंपाजवळ मी माझं यंत्र, म्हणजे ही पेटी, बसवली. वयनी पंप कधी चालू करतात, कधी बंद, हे पेटीने नुसतं बघायचं आणि त्यावरून शिकायचं. यालाच ट्रेनिंग म्हणतात. त्या दिवशी सकाळी मी मोठ्या तोऱ्यात पंप तिच्या ताब्यात दिला होता.

नर्सरीत पोचलो. अबोलीची रोपं ट्रेमध्ये आडवी पडलेली. गावच्या बचत गटाला वयनींनी ती कबूल केली होती.

पेटीला लॅपटॉप जोडून तिच्या नोंदी बघितल्या. दुपारी एक ते चार, पंप रोज बंद.

"वयनी, दुपारी तुम्ही पंप बंद करता?"

"मगे? पंप चालू ठेवन कोण निजता?"

"आणि रोपं?"

"जाळीवर भिजवलेली गोणपाटां घालतंय मा."

"आज नाही घातली?"

"तूच सांगलंस, हात लावू नका, ता आपणच बघता!"

पेटी पंपाला जोडलेली. तिला गोणपाटं दिसणार कशी? दुपारी रोपांना पाणी लागत नाही, एवढंच ती शिकली.

आम्ही दोघांनी बादल्यांनी पाणी मारलं. निम्मी रोपं उठली.

"रोपां माजी आणि प्रयोग तुजो! पेटी काढ आणि घराक घेवन जा."

मला रडू यायचंच बाकी होतं. हातापाया पडून एक संधी मागितली. नव्या प्रोग्रॅममध्ये घातलं: दुपारी शंका आली तर मालकिणीला फोन करून विचार. पेटीने दोन वाजता विचारलं. चार वाजता वयनींनी मला सुनावलं, "परत दुपारचो फोन इलो तर पेटी नदीत टाकतलंय!"

मग माझा नंबर घातला. पेटीने चार वेळा फोन केला. मी जेवून, फोन सायलेंटवर टाकून आडवा झालो होतो. पेटी उत्तराची वाट बघत बसली. वयनींचा आम्हा दोघांवरही भरवसा नव्हता, त्यांनी निजण्याआधी गोणपाटं घातली होती, म्हणून रोपं वाचली.

त्या संध्याकाळी मी विचारायची सोयच काढून टाकली. आमचं बघून शिकणंही काढलं. मातीत सेन्सर रोवला आणि पेटीला एकच सांगितलं: माती सुकू द्यायची नाही, कसं ते तुझं तू बघ. तेव्हापासून एक ते चार नर्सरी तिच्या एकटीच्या ताब्यात. उरलेली अबोली बचत गटाकडे गेली. कमी पडलेल्या रोपांसाठी वयनींनी पुन्हा बी टाकलं, आणि पेटी काढायला सांगितली नाही.

पणजीच्या एका कार्यक्रमात मला विचारलं गेलं, यंत्राच्या हाती निर्णय सोपवायची हिंमत कशी झाली? हिंमत कसली. दुपारी उठायला कोणी तयार नव्हतं.