मुलींच्या वसतिगृहाच्या दारात

आमच्या मिसिसिपीतल्या काळ्यांच्या कॉलेजचे माजी अध्यक्ष डॉक्टर टार्प्ली परवा गेले. सदुसष्ट साली पोरापोरींनी समान हक्कांसाठी काढलेल्या मोर्चाचा राग म्हणून पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या, तेव्हा मी तिथं स्वयंपाकीण होते. काचा अंगावर कोसळत होत्या, जिना रक्तानं माखला होता. डॉक्टर धावत आले आणि हात पसरून दारात उभे राहिले. त्यांच्या खांद्यात छर्रे घुसले.

"बाजूला हो, म्हाताऱ्या!" पोलिसांचा मुख्य, शेरीफ ओरडला.

"आत माझ्या पोरी आहेत. आधी मला पाड."

गोळीबार थांबला, पण अठरा वर्षांची अर्नेस्टीन वाचली नाही. पुढं सरकारातून डॉक्टरांना हुकूम आला, की पहिली गोळी पोरींनीच झाडली असं लिहून द्या. डॉक्टरांनी तो कागद फाडला. त्यांची खुर्ची गेली, तरी अर्नेस्टीनच्या आईनं पोलिसांवर खटला भरला तेव्हा कोर्टात त्यांनी तिच्या बाजूनं साक्ष दिली.