पाण्यातला गणपती

माझी श्रद्धा म्हणजे खरं तर हट्टच होता. दोन हजार साली आमचा निखिल सॉलोमन बेटांवर शाळेत शिकवायला गेला होता. तिथे जमिनीच्या वादावरून एका बेटाचे लोक दुसऱ्या बेटाच्या लोकांवर उठले होते. त्यातल्या एका टोळीनं पोलिसांच्याच बंदुका लुटून राजधानी ताब्यात घेतली आणि निखिलचा फोन बंद झाला. इथे विलायतेत, ईलिंगमध्ये माझा जीव टांगणीला लागला. देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलून मी पातेल्यात बुडवून ठेवला. पोर सुटेपर्यंत बाहेर काढणार नाही, असं त्याला बजावलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे देवालाही लागू असावं अशी माझी समजूत.

नऊ दिवस तो पाण्यात होता. रोज सकाळी पातेल्याभोवती पाणी सांडलेलं दिसे. मी ते गुपचूप पुसायची. भीती वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही. नवव्या संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, तिथे त्यांनी माणसं ओलीस धरलीत, आणि तू इथे देवाला."

मला आधी राग आला, मग रडू आलं. गणपती बाहेर काढला, तर हाताला बर्फासारखा गार लागला. "तुझ्या मनात असेल ते कर," एवढंच मी त्याला म्हणाले. दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. तो जहाजावर सुखरूप होता. कसा सुटला, ते मात्र सांगेना.

तीन वर्षांनी शेजारच्या देशांचे सैनिक शांतता राखायला तिथे उतरले. जमा केलेल्या बंदुका कापताना टीव्हीवर दाखवत होते, तेव्हा निखिल बोलला.

"आई, मी त्याला प्रॉमिस केला होता, गन्स जाईपर्यंत कोणाला सांगणार नाही. त्याला मारला असता. तो त्या गँगमधलाच होता. पहाटे शाळेत आला, म्हणाला, चल. दोन रोडब्लॉक्स होते, कोणी थांबवला नाही. जेटीवर मला सोडून गेला."

"का रे सोडवलं त्यानं तुला?"

"माहीत नाही. पण तो पूर्ण भिजलेला होता. पाऊस नव्हता, आई. आणि तो थंडीने शिव्हर करत होता. तिथे थंडी नसते."

तिथली ती पहाट म्हणजे आमची नववी संध्याकाळ. पातेल्याची गोष्ट आम्ही निखिलला कधी सांगितली नव्हती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला.

तो माणूस एखादी नदी ओलांडून आला असेल. मला काही सिद्ध करायचं नाही. त्याचीही बंदूक टीव्हीवरच्या त्या ढिगात गेली असावी, असं मनापासून वाटतं. देवाला मी आता अट घालत नाही. त्याच्या अंघोळीला कोमट पाणी घेते, आणि नीट कोरडं पुसल्याशिवाय त्याला देव्हाऱ्यात ठेवत नाही.