जिभेवरचं तिकीट

शुक्रवारी लूम (यंत्रमाग) बंद असतात, म्हणून सकाळच्या एसटीने वज्रेश्वरीला निघालो. परभणीकडून इथे लूमवर येऊन दोन वर्षं झाली. देवीने कामाला लावलं, दहाच्या दहा बोटं शाबूत ठेवली, तिचे आभार मानायचे होते. शेलार गाव मागे पडलं तरी मी दप्तर विसरल्यासारखा घाबरलेलाच. शाळा सातवीत सुटली, परीक्षेची भीती काही सुटली नाही.

दर्शन घेतलं. आईसाठी कुंकू चिठ्ठीसकट पाकिटात घातलं आणि गरम कुंडावर गेलो. पाय बुडवला आणि लगेच बाहेर काढला. आत गळ्यापर्यंत बसलेली एक आजी म्हणाली, “हलू नको, मंग न्हाय लागत.”

शेजारी काळ्या गॉगलचा एक शहरी दाढीवाला वाफेकडे सिनेमा बघावा तसा बघत बसला होता.

“ट्रिप पे आया है?”

“हो, ट्रिपच.”

“पहली बार?”

“पहिल्यांदाच. घाबरत आलो.”

“अकेला? मानना पडेगा. ये टिकट रख भाई. जीभ पे रखना, बस.”

तिकीट जिभेवर ओलं करतात हे सातवीवाल्यालाही माहीत. हातातलं पाकीट बघून दिलं असेल म्हणून मी हात जोडले. नखाएवढं तिकीट, वर हसरा सूर्य. म्हटलं, पोस्टाने काटकसर केली.

परत येताना टेमघरला उतरलो. तिथे फरीदाआपांचं मेडिकल (औषधाचं दुकान) आहे. माझ्या पाकिटांवर पत्ता त्याच घालतात, माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. पत्ता झाला, मी तिकीट काढलं, जीभ बाहेर काढली.

“थांब. जीभ आत.”

आपांनी तिकीट चिमट्याने उचललं. “कुठून आणलंस?”

“वज्रेश्वरीहून.”

“देवीने दिलं?”

मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे एलएसडी असणार. परदेशात धान्यावरच्या बुरशीपासून औषध शोधताना प्रयोगशाळेत बनलेलं.

“आमच्या बाजरीवर अरगट पडतो, तसली बुरशी?”

“त्याच खानदानातली. खाल्लं की भिंती हलतात, रंग ऐकू येतात, दहा-बारा तास उतरत नाय. त्यालाच ट्रिप म्हणतात. घाबरट माणूस असला तर विचारूच नको.”

“आपा, मी न खाताच तसा आहे.”

“म्हणून सांगते. नशेच्या कायद्यात बंदी हाय याला. खाल्लं नाय, नुसतं खिशात सापडलं तरी आत जाशील. जजसाहेबांना सांगशील, पोस्टाचं वाटलं?”

मी भिंतींकडे बघून घेतलं, जागेवर होत्या. एसटीभर ते माझ्या वरच्या खिशात होतं. आणि आई पाकिटावरचं तिकीट थुंकी लावून सोडवते, भाच्याच्या वहीसाठी.

आपांनी ते फिनेलमध्ये कालवून बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडून ठेवला. मग ड्रॉवरमधून खरं तिकीट काढलं, सोबत ओला स्पंज. “तुझ्या जिभेचा भरोसा नाय.”

पाकीट चिकटवायच्या आधी मी चिठ्ठी बाहेर काढली. त्यात लिहिलं होतं, ‘आई, आज मस्त ट्रिप झाली.’ ट्रिप खोडून दर्शन लिहिलं. ‘मस्त दर्शन झाली’ असं झालं, पण पुन्हा खोडायची हिंमत नव्हती.

आई वाचेल आणि म्हणेल, सातवीच शिकलाय. म्हणू दे. खोलीवर पोचलो तेव्हा बोटं दहा होती, जीभ जागेवर होती.