दरवाजातून गेली ती बाई

परवा नातीनं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. "आजी, तुमच्या गल्लीत काढलेला तो जुना पिक्चर. शेवटाचा अर्थ सांगतोय हा." एक दाढीवाला तरुण तावातावानं बोलत होता. दरवाजा म्हणजे इतिहासाचं तोंड, धुकं म्हणजे आपली विस्मृती, आणि त्या दरवाजातून चालत जाणारी बाई ही बाई नाहीच, तो सरंजामशाहीचा आत्मा आहे. मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, बाबा रे, आत्माबित्मा काही नाही, ती माझी थोरली बहीण आहे. मग नात पिच्छाच सोडीना. तिला सगळं सांगितलं, आणि आता एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे दर पाहुण्यापुढं नव्यानं टकळी चालवायला नको.

तो पिक्चर हिंदी होता, पण आमच्या शहरात त्याला सगळे 'काळा पिक्चर' म्हणायचे. गोष्ट निजामाच्या शेवटच्या दिवसांतली. एक म्हातारा जागीरदार, त्याची तरुण बायको, आणि घरभर काळोख. कंदिलाच्या उजेडात काढलाय म्हणे. पण तो कंदील त्यांनी शेजारच्या घरात ठेवला असावा. शेवटी एका सकाळी जागीरदार पलंगावर मेलेला सापडतो. विष त्यानं आपणहून घेतलं की बायकोनं दिलं, सांगत नाहीत. बायको काखेत गाठोडं मारून शहराच्या दरवाजातून बाहेर पडते, आपल्याकडं पाठ करून धुक्यात लांब लांब जाते, आणि पिक्चर संपतो. जीव द्यायला चाललीय, पळून चाललीय का माहेरी चाललीय, तेही सांगत नाहीत. लोकांना तिकीट काढायला लावून वर कोडी घालायची, हा कुठला न्याय?

शूटिंग झालं ते आमच्या गल्लीच्या टोकाच्या जुन्या दरवाजापाशी. संक्रांतीचे दिवस, थंडी मरणाची. आमच्या शेजारच्या खाला शिवणकाम करायच्या. जागीरदारणीचे कपडे शिवायचं काम त्यांच्याकडं आलेलं, त्यामुळं आतल्या बातम्या आम्हाला गरमागरम मिळायच्या. एक दिवस उजाडायच्या आधीच त्या आमच्या मागच्या दारी उभ्या. "हिरोईन गई बंबई कू. उसकी तारीखां खतम हो गए." शेवटचं ते चालणं तेवढं राहिलं होतं. नुसतं पाठीकडून. त्यासाठी उंच बाई पाहिजे होती, आणि गल्लीतल्या ज्या ज्या बायका नेऊन उभ्या केल्या त्या सगळ्या हिरोईनच्या खांद्याला लागत होत्या.

उंच बाई आमच्या घरात होती. आक्काच्या उंचीनं तिच्या लग्नाच्या वेळी वडलांना घाम फोडला होता. वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. शेवटी पाचोडचं स्थळ जमलं. दाजी तिच्याहून दोन बोटं कमीच भरत होते, पण शेती होती, विहिरीला पाणी होतं, आणि बोटं मोजत बसायची आण्णांची तयारी उरली नव्हती. तर ही आक्का संक्रांतीला म्हणून माहेरी आलेली. खालांनी विचारलं तेव्हा तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "पाठच दिसणार ना नुसती? मग जा. अब्रू असती ती तोंडाला, पाठीला कुठली आलीय." आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण वकील झाली असती.

मीही मागं मागं गेले. खालांनी आक्काला पांढरे कपडे चढवले, काखेत गाठोडं दिलं. त्या गाठोड्यावरून पुढं मोठमोठ्या विद्वानांनी डोकी खाजवली. दागिने आहेत, जागिरीची कागदपत्रं आहेत, मेलेलं मूल आहे. त्यात खालांच्या मियाँचे जुने पायजमे होते. डायरेक्टरनं आक्काला एवढंच सांगितलं की मागं बघायचं नाही. आक्का चालू लागली. दरवाजातून गेली, धुक्यात गेली, दिसेनाशी झाली. मी घरी येऊन कॉलेजची तयारी करतेय तोवर बाईसाहेब परत, एका हातात चपला, दुसऱ्या हातात मेथीची जुडी. मी म्हटलं, "आक्के, चालताना मनात काय होतं गं?" "खडे," ती म्हणाली. "लई टोचत होते."

आण्णा तेव्हा करमाडला शेतावर होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. दृष्टीआड सृष्टी.

पण त्या संक्रांतीला आलेली आक्का परत गेलीच नाही. आज जाईन, उद्या जाईन करत उन्हाळा आला. आण्णांनी तिला समोर बसवून विचारलं. "मारतोय का?" "नाय." "पितोय?" "नाय." "सासू जाच करती?" "नाय." "मग पोरी, दुखतंय कुठं?" आक्का खाली बघून म्हणाली, "आण्णा, तिथं मी असले काय नि नसले काय, कुणाला कळतच नाय." आता हे काय कारण झालं? आण्णा काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांना भावकीला सांगता येईल असं कारण पाहिजे होतं, आणि हे कारण सांगायला गेलं तर लोक हसले असते. आईनं समजावलं, मामांनी समजावलं. मला मात्र रात्रंदिवस आक्काच्या बाजूनं भांडायचं होतं आणि भांडायला एक मुद्दा सापडत नव्हता. जीव नुसता तळमळायचा. दिवाळी झाली तसा आण्णांनी पाचोडला निरोप धाडला, येऊन घेऊन जा. दाजींचं उत्तर आलं, येतो. आक्कानं पेटी भरायला घेतली.

दाजी आले त्याच आठवड्यात काळा पिक्चर लागला. दाजींना सिनेमाचं वेड. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं निघणार होते, तर जावयाचा पाहुणचार म्हणून तीनच्या खेळाला जायचं ठरलं. आपल्या गावात काढलाय, जुना काळ कसा दाखवलाय बघू, म्हणून आण्णाही उठले. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी खालांकडं, खालांनी छताकडं. आता नको म्हणणार तरी कसं? आक्का म्हणाली, "चला की, माझी पाठ मी अजून कुठं बघितलीय." हे अर्थात आम्हा बायकांतच.

रांगेत त्या टोकाला दाजी, मग आण्णा, आई, मी, आक्का, खाला. पिक्चर सुरू झाला आणि पाच मिनिटांत मागून आवाज, "अबे बत्ती तो लगाव." पडद्यावर काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं, त्यामुळं प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता. आण्णांची वेगळीच तऱ्हा. "असले पेले नव्हते जागीरदाराकडं. आमचं जाणं-येणं होतं, मी बघितलेत." पुढच्या रांगेतला माणूस मागं वळून म्हणाला, "चाचा, पोलीस ॲक्शन तरी होऊ द्या, मग बोला." दाजींना हसू आलं. एकंदरीत आमच्या कुळाचा दिवस मजेत चालला होता.

मग तो शेवट आला. दरवाजा, धुकं, पांढऱ्या कपड्यातली बाई. आक्कानं माझा हात धरला. बाई चालायला लागली, आणि खरं सांगते, घरात रोज पाण्याच्या कळश्या घेऊन फिरणारी माझी बहीण एवढ्या मोठ्या पडद्यावर कुणासारखी तरी दिसत होती. कुणासारखी ते मला अजून सांगता येत नाही. मी आण्णांकडं पाहिलं. ते खुर्चीत पुढं सरकले होते. पडद्यावर नावं येईपर्यंत ते तसेच होते, आणि जागीरदाराच्या पेल्यांबद्दल पुन्हा एक शब्द बोलले नाहीत.

बाहेर रसवंतीवर सगळं थेटर लोटलं आणि खरा पिक्चर तिथं सुरू झाला. एक झोळीवाला म्हणाला, ती नदीत जीव देणार, हे स्पष्टच आहे. त्याच्यावर सगळी गर्दी तुटून पडली. परगावच्या माणसानं असं म्हणावं, इथल्यानं नाही. त्या दरवाजातून बाहेर पडल्यावर लागते खाम नदी, आणि खाममध्ये जीव द्यायचा तर माणसाला आधी आडवं पडावं लागतं. दुसरा म्हणाला, डावीकडं वळली असेल तर पिठाची गिरणी, उजवीकडं वळली असेल तर स्टेशनचा रस्ता, म्हणजे गाडीनं गेली. तिसऱ्यानं विचारलं, एवढ्या सकाळी कुठली गाडी? यावर दोघांची जुंपली. साऱ्या देशाला पडलेलं कोडं आमच्या गावानं गाड्यांच्या वेळेवर आणून ठेवलं. खाला मात्र रसाचा ग्लास घेऊन गप्प, पायजम्यांची आठवण येऊन खांदे हलत होते.

आण्णांनी दाजींना विचारलं, "जावईबापू, तुम्हाला काय वाटतंय?"

"कुठं जाणार मामा ती?" दाजी आरामात म्हणाले. "दोन दिवसांनी येती परत. बायका रुसल्या की अशाच जातात, भूक लागली की येतात." बोलणं कुणाला उद्देशून होतं ते सगळ्यांना कळलं. आई ग्लासात बघायला लागली. मग दाजी म्हणाले, "पण चाल काय होती मामा तिची. वा. राणीच जणू. नट्यांना शिकवत असतील तसं चालायला. आपल्या बायकांना जन्मात जमायचं नाय."

आक्का हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. रस नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं, खाला पाठीवर थोपटतायत आणि ही थांबतेच ना. जवळजवळ वर्षात आम्ही तिला हसताना पाहिलं नव्हतं. दाजी बावचळून हसायला लागले, काय झालं म्हणून इकडंतिकडं बघत. आण्णा तेवढे हसले नाहीत. ते आक्काकडं बघत होते, आणि मग बराच वेळ दाजींकडं.

घरी आल्यावर आण्णांनी पगडी खुंटीला लावली आणि उभ्यानंच सांगितलं, "जावईबापू, सकाळी तुम्ही एकटे जा. पोर राहील."

दाजी चकित. "का मामा? ठरलं होतं ना आपलं."

"पडद्यावरची ती बाई माझी पोर व्हती."

दाजींना आधी थट्टाच वाटली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, दारात थांबलेल्या खालांकडं बघितलं, आमची तोंडं बघून त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझ्यासारख्या भांडखोर मेहुणीलाही दया आली. "पाठमोरी होती मामा," ते म्हणाले. "पाठमोऱ्या बाईला कसं ओळखणार कुणी?"

"मी ओळखलं," आण्णा म्हणाले. "दर खेपेला गाडीत घालून देताना मी पोरीची पाठच बघितलीय. बापाला दुसरं काय दिसतंय?" आण्णांचा आवाज फाटला. असा आवाज आम्ही त्याआधी कधी ऐकला नव्हता. "मला किती दिवस कळंना, हिला दुखतंय कुठं. आज रस पिता पिता कळलं."

दाजी रात्री जेवले नाहीत. सकाळच्या गाडीलाही गेले नाहीत. दुपारी न सांगता कुठंतरी बाहेर पडले, आणि संध्याकाळी परतले तेव्हा त्यांच्या खिशातून पिक्चरचं तिकीट डोकावत होतं. पुन्हा तीनचा खेळ बघून आले होते, एकटेच. आक्का अंगणात दळण निवडत होती. आमच्या घरात, मोठ्यांसमोर, दाजी तिच्याशी थेट कधी बोलत नसत. पाणी पाहिजे असलं तरी मला सांगायचे. त्या दिवशी सरळ तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"कुठं चालली होतीस?" त्यांनी विचारलं. रसवंतीवर सगळं गाव तेच विचारत होतं, पण याला उत्तर पाहिजे होतं. माणूस रडवेला झाला होता.

आक्कानं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, खड्यांचं सांगेल. तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं, रागानं नाही, आणि म्हणाली, "तुमच्या घरून निघाले होते. कुठं जायचं ते अजून ठरवतेय."

दाजी "बरं" म्हणाले आणि पिशवी आणायला आत गेले. आण्णा ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी घसा खाकरला आणि आईला हाक मारली.

"अगं, पाव्हणं निघालेत. शिदोरी बांध. एकट्यापुरती."