सात नंबरचे नांगे

सोयाबीनचं झाड बघून वाण ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. त्या खरिपात मात्र ही हुशारी मलाच नडली.

नवं वाण नोंदणीला पाठवायच्या आधी शेतकऱ्याच्या रानात त्याची परीक्षा होते. वाणाला नाव नसतं, फक्त नंबर. प्रत्येक नंबर तीन वेगवेगळ्या वाफ्यांत पेरायचा, म्हणजे चांगल्या जमिनीचा फायदा एकट्यालाच मिळत नाही. कुठला नंबर कुणाचा, ते नोंदी घेणाऱ्याला कळू नये असा नियम. मला सात नंबर कळला होता. लातूरच्या संशोधन केंद्रावर आठ वर्षं निवडत आणलेलं माझंच वाण ते. बापाला पोर ओळखायला पाटी लागत नाही.

शेवटच्या वर्षाची चाचणी शिरूर अनंतपाळजवळ एका बाईंच्या रानात होती. सगळी शेती त्या एकट्याच बघायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचो.

उगवण मोजायला गेलो, तर सातच्या ओळींत मधेमधे नांगे पडलेले, म्हणजे बी उगवलंच नव्हतं. वहीत लिहिलं, पाखरांनी खाल्लं. मग मावशींकडे चहा घेऊन परतलो.

फुलोऱ्याला पुन्हा गेलो, तेव्हा माझ्या जांभळ्या फुलांत पांढरी फुलं दिसली. माझं डोकंच फिरलं.

"मावशी, हे काय केलं?"

"नांगे भरले की. लई वंगाळ दिसायलं होतं. घरचं बी टोकलं."

आमच्याकडे ओळीत नांगा ठेवणाऱ्या बाईला आळशी म्हणतात. हात लावू नका, हे पेरतानाच सांगायला हवं होतं. चूक माझी होती. तरीही मी त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं. भेसळ झाली, आता चाचणी रद्द, सगळ्या मेहनतीची माती केलीत, असं बरंच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"फकस्त सातात भरले," त्या म्हणाल्या. "तिन्ही वाफ्यांत. बाकीच्यांत भरायला जागाच नव्हती. सातातच का उगवलं न्हाई मग?"

"पाखरांनी खाल्लं."

"पाखरांला नंबर वाचता येतेत का, साहेब?"

खरं कारण मला उगवण मोजली त्याच दिवशी कळलं होतं. टपोऱ्या दाण्याच्या हौसेपायी मी मोठाच दाणा निवडत गेलो आणि त्याची साल नाजूक झाली. केंद्रावर आम्ही हातानं मळायचो, तेव्हा ते जाणवलं नाही. या वर्षी बियाणं मळणी यंत्रातून काढलं आणि दाणे तडकले. शेतकरी तर यंत्रातूनच काढणार.

मला फार लाज वाटली. भेसळीमुळे चाचणी रद्द, एवढंच लिहिलं असतं, तर दोष मावशींच्या माथी गेला असता आणि माझं वाण आधीच्या वर्षांच्या चांगल्या आकड्यांवर पुढं सरकलं असतं. ते सहज जमलं असतं. कुणी विचारायलाही आलं नसतं.

बांधावर बसून वही काढली. जुन्या नोंदीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, उगवण तिन्ही वाफ्यांत कमी, दोष वाणाचा. मावशींनी ते वाचून दाखवायला लावलं. मी वाचून दाखवलं.

त्या वर्षी सात नंबर नोंदणीला गेला नाही. त्याला अडवणाऱ्या कागदावर एकच सही होती, माझी.