नरपडच्या होडीचं बारसं

माझ्या सासऱ्यांनी मोठ्या बोटीवर जाणं सोडलं ते गुडघ्यांमुळे, पण विचारणाऱ्याला ते सांगायचे की डिझेलचा वास सहन होत नाही. घरी बसवेना, म्हणून त्यांनी आगर गावच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी लाकडी होडी घेतली. वल्ह्यांवर चालणारी, दोन माणसं आणि एक जाळं मावेल एवढी. खाडीच्या तोंडाशी जायचं आणि कालवणापुरते मासे आणायचे, एवढाच बेत होता. पहिल्याच दिवशी जाळं फेकायला उभे राहिले आणि होडीसकट कलंडले. पाणी गुडघाभरच होतं. पण नरपडच्या किनाऱ्यावर तेव्हा निम्मं गाव बोंबील वाळत घालत होतं. त्यांना उचलायला फार माणसं धावून आली, आणि त्यांना लागलं ते हेच.

त्यानंतर होडी वाळूवर पालथी पडून राहिली. सासूबाई तिच्यावर गोधड्या वाळत घालू लागल्या.

त्याच सुमाराला माझा धाकटा दीर सुट्टीवर आला. तो मालवाहू जहाजावर असतो. दरवेळी कुठल्या तरी बंदराचं वेड घेऊन येतो, आणि यावेळी होनोलुलूचं होतं. जहाज तिथं दुरुस्तीसाठी अडकलं होतं आणि हा रोज किनाऱ्यावर जाऊन तिथल्या होड्या बघत बसायचा. अरुंद, लांब होड्या, आणि प्रत्येकीच्या डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला, होडी कलंडू नये म्हणून पाण्यावर तरंगणारा एक लाकडी तरांडा. होडीला तिथं 'वआ' म्हणतात, तरांड्याला 'आमा'. एकटी असेल ती 'काउकाही', दोन होड्या शेजारी जोडल्या की 'काउलुआ'. ताहितीत 'वआ'चा 'व्हाआ' होतो आणि न्यूझीलंडच्या माओरींकडे 'वाका', असं तो जेवताना सांगायचा. सासूबाई म्हणाल्या, आपलं बरं आहे, नरपडात होडी आणि उंबरगावला गेलं तरी होडीच.

दिराच्या मनात काय आहे ते सासऱ्यांनी लगेच ओळखलं. मालवणकडे असल्या होड्या त्यांनी पाहिल्या होत्या, तिथं त्या तरांड्याला उलांडी म्हणतात. आपल्याकडे कुणी लावत नाही, लोक हसतील, असं ते म्हणाले. लोक हसून झालेच आहेत, हे दिराच्या तोंडावर आलं होतं, पण त्याने घास गिळला.

मी लाकडाबद्दल विचारलं. तो म्हणाला, तिकडं पूर्वी एका लाल फुलांच्या, काटेरी झाडाचं लाकूड वापरायचे, अगदी हलकं. फोनवर फोटो दाखवला. मला हसू आलं. मी तलासरीची. माझ्या वडिलांच्या नागलीच्या शेताच्या कुंपणाला असलीच झाडं आहेत.

"भावजी, हा पांगारा आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे याला शेळ्या बांधतात."

दुसऱ्या दिवशी माझा नवरा चिकूचा टेम्पो घेऊन तिकडं निघाला होताच. येताना पांगाऱ्याचा एक वाळलेला सोट घेऊन आला. माझ्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, होडीला लाकूड जोडायचं म्हणजे नांगरासारखं का? नवऱ्याने हो सांगून टाकलं होतं.

दीर आणि सासरे मिळून कामाला लागले. सासरे आधी फक्त चुका दाखवायला बसायचे, मग तासणी त्यांच्याच हातात आली. सोटाची दोन्ही टोकं निमुळती केली, बांबूच्या दोन दांड्या वाकवल्या आणि खिळे न मारता दोरीने आवळल्या. जुन्या मालकाने रंगवलेलं नाव खरवडून काढलं. आणि तिथून नवाच घोळ सुरू झाला.

दीर म्हणाला, नाव असंच ठेवायचं नसतं. होनोलुलूच्या किनाऱ्यावर एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं की होडीच्या नावाला अर्थ असतो. कधी वाऱ्याचं नाव, कधी पूर्वजाचं, कधी ज्या झाडातून ती कोरली त्याचं. आणि कधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला ते स्वप्नात मिळतं. सासऱ्यांना ही शेवटची गोष्ट फारच पटली. स्वप्न पडेपर्यंत नाव नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

अडचण अशी की सासऱ्यांना स्वप्नं पडत नाहीत. ते झोपतात ते दगडासारखे. मग ते दुपारीही झोपू लागले. उठले की आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि ते चिडून चहा मागायचे. त्यांना पडेना, म्हणून बाकीच्यांना पडू लागली. सासूबाईंच्या स्वप्नात देवी आली आणि महालक्ष्मी नाव ठेव म्हणाली. सासरे म्हणाले, धक्क्यावर त्या नावाने हाक मारली की अर्धा धक्का वळून बघतो, देवीला हे माहीत नसेल कसं? नवऱ्याच्या स्वप्नात होडी त्याच्या टेम्पोच्याच नावाने आली. ते कुणी मनावर घेतलं नाही.

दिराला तिकडचाच शब्द हवा होता. 'मकानी', म्हणजे वारा. सासूबाई म्हणाल्या, लोकांना वाटेल मकान विकून होडी घेतली. मग त्याने 'नालू' काढलं, म्हणजे लाट. मासळी घ्यायला येणारी एक गुजराती बाई ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, आमच्यात नाळुं म्हणजे रस्त्याखालची मोरी. दीर त्या दिवशी जेवला नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही.

शेवटी नावावाचूनच होडी पाण्यात घालायची ठरली, कारण त्याची सुट्टी संपत आली होती. सकाळची भरती होती. होडी वाळूवर सरळ उभी केली, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. डाव्या अंगाला पांढरा पांगारा बिलगलेला. आम्ही जरा लांब उभे राहून बघत होतो. सासूबाईंनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ही तर कडेवर पोर घेतलेल्या बाईसारखी दिसते. अगदी लेकु..."

आणि तिथंच थांबल्या.

का थांबल्या ते तिथल्या सगळ्यांना कळलं. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. तपासण्या झाल्या, नवस झाले, आणि मग दोघांनी मिळून आम्ही तो विषय बाजूला ठेवला होता. मी आणि नवरा त्यातून सावरलो होतो. घर मात्र सावरलं नव्हतं. माझ्यासमोर कुणाच्या डोहाळजेवणाची गोष्ट निघत नसे. बारशाचे पेढे आले तर ते कसले आहेत हे कुणी बोलत नसे, आणि मीही न विचारता खाई. या जपण्याने कधी कधी माझाच जीव गुदमरायचा. आता सासूबाई नारळाकडे बघत होत्या, नवरा माझ्याकडे, आणि दीर उगाच दोरीची गाठ पुन्हा आवळत होता.

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण होडीकडे बघितलं आणि ती खरोखरच तशी दिसत होती. एका बाजूला कंबर जरा वर काढून, पोर सावरून बाजाराला निघालेली.

"म्हणा ना आई," मी म्हटलं. "लेकुरवाळी. चांगलं आहे नाव."

सासूबाई जवळ आल्या आणि हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. मी होडीच्या नाकाला आणि मग त्या पांगाऱ्यालाही कुंकू लावलं. सासऱ्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं की हेच नाव त्यांना आदल्या दुपारी स्वप्नात दिसलं होतं, फक्त सांगायचं राहिलं. त्यांना कुणी अडवलं नाही.

नावाचा प्रश्न सुटला, पण होडी सरळ जाईना. दोन्ही वल्ह्यांना सारखा जोर दिला की ती उलांडीच्या बाजूला वळायची आणि गोल फिरून परत आमच्यासमोर यायची. सासरे दोनदा निरोप घेऊन निघाले आणि दोनदा परत आले. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारे हात पुन्हा थांबले. मग जाळं उलांडीत अडकलं. ते सोडवायला सासरे भर लाटेत होडीत उभे राहिले. होडी हलली, पांगारा पाण्यात जरासा दबला, पुन्हा वर आला, आणि सासरे उभेच राहिले. त्यांनी आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. जाळं सोडवलं, उजव्या बाजूने फेकलं, डाव्या वल्ह्याला जोर जास्त द्यायचा हे त्यांना कळून चुकलं, आणि ते खाडीकडे निघून गेले.

दीर जहाजावर परत गेल्यावर एका रविवारी सासऱ्यांनी मला विचारलं, येतेस का. आमच्याकडे बायका मासे विकतात, सुकवतात, पण होडीत सहसा बसत नाहीत, आणि मला तर पोहताही येत नाही. इतकी वर्षं मी समुद्राकडे तोंड करून राहत होते, पण घोट्यापेक्षा खोल कधी गेले नव्हते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हटलं.

सासऱ्यांनी मला उलांडीच्या बाजूला बसवलं आणि हलू नको म्हणून बजावलं. सुरुवातीला मी होडीची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली. थोडं पुढं गेल्यावर डोळे उघडले. पाण्यातून नरपड मी पहिल्यांदाच बघत होते. सुरूची झाडं, त्यामागे चिकूच्या वाड्या, आणि काठ्यांवर टांगलेले बोंबील, जणू कुणी इवले कपडे धुऊन वाळत घातलेत. आमचं घर कुठलं ते मला ओळखू येईना. मग लाल लुगड्यातल्या सासूबाई दिसल्या. मी आनंदाने दोन्ही हात वर करून हलवले.

त्यांना वाटलं मी घाबरून बोलावते आहे. त्या लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरल्या आणि मोठ्यामोठ्याने सासऱ्यांना हाका मारू लागल्या की तिला आधी परत आणा. आम्ही परत आलो तेव्हा त्या कमरेपर्यंत भिजल्या होत्या. सासरे रागावून म्हणाले, काही झालेलं नाही. मी उतरले, सासूबाईंचा हात धरला आणि विचारलं, तुम्ही बसता का?

त्या नको नको म्हणत होडीत येऊन बसल्या.